बदलत्या शिफारशी आणि डेव्हलपरचा शब्द



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर साहित्य, शेती, सहकार, इतिहास अशा विषयांवर जाणत्यांनी विचार मांडले. यंदा संयोजकांनी सॉफ्टवेअरमधल्या माणसाला बोलावलं आणि विषयाची मोकळीक दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी पॉलिटेक्निकच्या मुलांना मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवलं. त्यांची कितीतरी मुलं आज पुण्यात, बंगळुरात आणि परदेशातही वेब अ‍ॅप्लिकेशनं बनवून पोट भरतात. त्या मुलांना रोज भेडसावणारा एक प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. ज्या साधनावर आपण काम उभं करतो, त्या साधनाचे कर्तेच दर दोन-तीन वर्षांनी 'आता तसं नको, असं करा' म्हणू लागले, तर त्यांच्या बोलण्यावर भरवसा किती ठेवायचा?

सभागृहात या क्षेत्राबाहेरचे पुष्कळ जण दिसताहेत, म्हणून आधी थोडं मुळापासून सांगतो. बँकेची साइट असो, रेल्वेचं तिकीट असो की किराणा मागवण्याचं अ‍ॅप असो. यादी दाखवणं, फॉर्म भरून घेणं, बटण दाबलं की पानाचा तेवढाच भाग बदलणं ही कामं सगळीकडे सारखीच. ती प्रत्येकानं पहिल्यापासून लिहू नयेत म्हणून कुणीतरी तयार सांगाडा करून देतं, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आरसीसी इमारतीत कॉलम आणि बीम आधी उभे राहतात, भिंती मग आपण हव्या तशा घालतो. पण एकदा भिंती चढल्या, माणसं राहायला आली, की कॉलम इकडचा तिकडे करता येत नाही. फ्रेमवर्क निवडणं हा तसा निर्णय आहे.

बहुतेक फ्रेमवर्क फुकट मिळतात आणि त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो. कोडसोबत येतं डॉक्युमेंटेशन, आणि त्यात असतात शिफारशी. नवीन प्रोजेक्ट या आज्ञेनं सुरू करा, माहिती अशी मागवा, हे लिहा, ते टाळा. या शिफारशी पाळण्याची सक्ती कुणावर नसते. तरी व्यवहारात त्यांना नियमाचं वजन येतं, कारण क्लासचा अभ्यासक्रम त्यांच्यावरून ठरतो, मुलाखतीचे प्रश्न त्यांच्यावरून निघतात आणि कोड तपासणारा सीनियर त्यांच्याकडेच बोट दाखवतो.

आजच्या विषयासाठी मी मुख्यतः रिअ‍ॅक्टचं उदाहरण घेतो. काटेकोर माणसं त्याला लायब्ररी म्हणतात. लोक त्याच्याकडे फ्रेमवर्क म्हणूनच पाहतात आणि आज आपणही तसंच पाहू. फेसबुकनं ते 2013 च्या मे महिन्यात खुलं केलं आणि काही वर्षांत ते जगभर पसरलं. सुरुवातीच्या काळात त्याच्या चमूनं जो विश्वास कमावला, तो कसा कमावला हे आधी पाहायला हवं.

रिअ‍ॅक्टमध्ये पान लहान लहान तुकड्यांतून जुळवतात, त्या तुकड्याला कंपोनंट म्हणतात. 2018 च्या मार्चमध्ये रिअ‍ॅक्टची 16.3 ही आवृत्ती आली. 'कंपोनंट-विल-माउंट' आणि त्याच्या जोडीची आणखी दोन फंक्शनं पुढे अडचणीची ठरणार, हे चमूला तेव्हा कळून चुकलं होतं. त्यांनी ती कापून टाकली नाहीत. आधी त्याच फंक्शनांना 'अनसेफ' असा शब्द जोडलेली नवी नावं दिली. जुन्या नावांवर इशारे नंतरच्या आवृत्तीत आले. नावं आपोआप बदलून देणारी छोटी स्क्रिप्टही दिली. आणि जाहीर लिहिलं, की फेसबुकमध्ये आम्ही स्वतः 50,000 हून अधिक कंपोनंट सांभाळतो, ते सगळे ताबडतोब नव्यानं लिहिण्याचा आमचाही विचार नाही. हे वाचणाऱ्या डेव्हलपरला धीर आला. बदलाचं ओझं सांगणाऱ्याच्याही खांद्यावर आहे, एवढं त्याला पुरेसं होतं. जुनी नावं त्यानंतरही कित्येक वर्षं चालत राहिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हुक्सची घोषणा झाली आणि 2019 च्या फेब्रुवारीत 16.8 या आवृत्तीत ते आले. तोवर कंपोनंट लिहायचा तर बहुधा क्लास (शिकवणीचा नव्हे, कोडचा एक साचा) लिहावा लागे. आता साध्या फंक्शनमध्ये तेच काम होऊ लागलं. याआधीही एकच कोड अनेक ठिकाणी वापरण्याच्या पद्धती बदलल्या होत्या. आधी मिक्सिन होते, 2016 साली चमूनंच ते घातक ठरवले. मग हायर-ऑर्डर कंपोनंट आले, मग रेंडर प्रॉप्स, मग हुक्स. या प्रत्येक वळणाला तांत्रिक कारण होतं आणि हुक्सनी खरोखरच कोड सुटसुटीत झाला, असं माझं मत आहे. क्लास काढून टाकण्याचा विचार नाही, असंही तेव्हा स्पष्ट लिहिलं गेलं, आणि तो शब्द आजही पाळला गेला आहे. क्लासनं लिहिलेला कोड आजही चालतो.

तरीही पहिली कुरबुर इथेच सुरू झाली. कोड चालणं वेगळं आणि तो लिहिणारा माणूस बाजारात चालणं वेगळं. दोन-तीन वर्षांतच मुलाखतीत क्लास लिहिणारा उमेदवार 'जुना' ठरू लागला. 2023 साली नवं डॉक्युमेंटेशन आलं, त्यात क्लासची माहिती 'लेगसी' या कप्प्यात गेली. चमूनं कुणाचं काही मोडलं नव्हतं. पण ज्यानं तीन वर्षं मन लावून क्लास लिहिले, त्याच्या हातचं ज्ञान एका कप्प्याच्या नावानं स्वस्त झालं. या नुकसानीची नोंद कुठल्याच रिलीजच्या टिपणात होत नाही.

हुक्समधला एक तपशील जरा जवळून पाहू, कारण गोंधळ कसा रुजतो हे त्यात दिसतं. 'यूजइफेक्ट' नावाचा एक हुक आहे. पान उघडलं की सर्व्हरकडून माहिती मागवायची, ती या हुकमध्ये, असं 2019 नंतर सर्रास शिकवलं गेलं. लेख, व्हिडिओ, शिकवणीचे क्लास, सगळीकडे तेच उदाहरण. 2022 च्या मार्चमध्ये रिअ‍ॅक्ट 18 आलं. त्यात 'स्ट्रिक्ट मोड', म्हणजे चुका हुडकणारी कडक तपासणी, चालू असेल तर डेव्हलपमेंटमध्ये प्रत्येक कंपोनंट एकदा जोडला जाई, काढला जाई आणि पुन्हा जोडला जाई. त्यामुळे डेव्हलपरनं ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, की एकच विनंती दोनदा गेलेली दिसे. हेतू चांगला होता: ज्या इफेक्टनं, म्हणजे त्या हुकमधल्या कोडनं, आपल्यामागची साफसफाई नीट केलेली नाही, तो लवकर पकडला जावा. कारण लिहून ठेवलेलंही होतं. पण सकाळी आवृत्ती वाढवून दुपारी दोन-दोन विनंत्या बघणाऱ्या माणसाला तो बग वाटला. कित्येकांनी काय केलं? स्ट्रिक्ट मोडच काढून टाकला. चुका दाखवणारा दिवाच विझवला आणि विनंती एकदाच जाते म्हणून समाधान मानलं. त्यानंतर डॉक्युमेंटेशनमध्ये सविस्तर पान आलं, की तुम्हाला इफेक्टची गरज बहुधा नसतेच. माहिती मागवण्यासाठी फ्रेमवर्कची सोय वापरा किंवा वेगळी लायब्ररी घ्या. ते पान फार चांगलं आहे, मी ते अनेकांना वाचायला लावलं आहे. ते वाचून अनेकांनी एकच प्रश्न विचारला: मग तीन वर्षं आम्ही जे लिहिलं, त्याचं काय?

आता सर्वांत बोलकं प्रकरण. 2016 च्या जुलैत फेसबुकनं 'क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप' हे साधन दिलं. एक आज्ञा टाइप करायची, सगळी जुळवाजुळव आपोआप होते आणि ब्राउझरमध्ये पहिलं पान उभं राहतं. त्याआधी नवशिक्याचा पहिला आठवडा सेटिंगच्या फायलींशी झगडण्यात जाई. सांगली-जळगावच्या कॉलेजातून आलेल्या, इंग्रजीशी आधीच झुंजणाऱ्या मुलाला या एका आज्ञेनं केवढा आधार दिला, हे मी शिकवताना पाहिलं आहे. ते वर्षानुवर्षं अधिकृत शिफारशीत होतं.

हळूहळू त्याची देखभाल मंदावली. 2022 च्या एप्रिलनंतर नवी आवृत्ती येईना. प्रोजेक्ट उभारून देणारी व्हाइटसारखी वेगवान साधनं पुढे गेली. 2023 च्या जानेवारीत जुन्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्याच्या जागी व्हाइट सुचवा, असा प्रस्ताव आला. त्यावर चमूतले डॅन अब्रामोव यांनी लांबलचक उत्तर लिहिलं, पाच पर्याय मांडले आणि या साधनाचं रूपांतर वेगवेगळे फ्रेमवर्क निवडून देणाऱ्या लाँचरमध्ये करण्याकडे कल दाखवला. उत्तर प्रामाणिक होतं, पण तो लाँचर कधी आला नाही. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, नवं डॉक्युमेंटेशन प्रकाशित झालं आणि त्यातल्या शिफारशींत क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅपचं नावच नव्हतं. ते बंद केलं असंही कुठे म्हटलं नव्हतं. त्या जागी नेक्स्ट, रीमिक्स यांसारखे मोठे फ्रेमवर्क घ्या, असा सल्ला होता.

तिथून जवळजवळ दोन वर्षं तशीच गेली. 2024 च्या डिसेंबरात रिअ‍ॅक्ट 19 स्थिर झालं आणि त्या जुन्या आज्ञेनं बनवलेला कोराकरकरीत प्रोजेक्ट आवृत्त्यांच्या भांडणात अडकू लागला. म्हणजे ज्या मुलानं आयुष्यातली रिअ‍ॅक्टची पहिली आज्ञा टाइप केली, त्याला पडद्यावर लाल अक्षरं दिसली. ओरड झाली, आणि 14 फेब्रुवारी 2025 रोजी क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप निवृत्त केल्याची अधिकृत घोषणा झाली.

निवृत्तीचा निर्णय मला पटतो. मधल्या दोन वर्षांचं मौन पटत नाही. त्या काळात क्लासवाल्यांनी मुलांकडून फी घेऊन तेच शिकवलं, कारण ते चुकीचं आहे असं कुणी अधिकारानं सांगितलेलं नव्हतं. कंपन्यांनी नवे प्रोजेक्ट त्यावर सुरू केले. पानावरून नाव गाळणं हा निरोप होत नाही. ज्याला तो निरोप हवा होता तो ते पान पुन्हा उघडून पाहणारच नव्हता. त्यानं ते आधीच वाचलं होतं आणि विश्वासानं कामाला लागला होता.

आता मी मुद्द्यावर येतो. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांत, हिंजवडीत काय, खराडीत काय, फ्रेमवर्क निवडण्याचा निर्णय एक टीम लीड घेतो. तो डॉक्युमेंटेशन वाचतो आणि मॅनेजरला सांगतो, हे घेऊ. मॅनेजर क्लायंटला सांगतो. क्लायंट आपल्या कंपनीत वरच्यांना सांगून पैसे मंजूर करून घेतो. हाताहाताने पुढे गेलेल्या या शिफारशीत प्रत्येकानं आपला शब्द घातलेला असतो. चार वर्षांनी शिफारस बदलते तेव्हा फ्रेमवर्कचा चमू क्लायंटबरोबरच्या बैठकीच्या खोलीत नसतो. क्लायंट लीडकडे पाहून विचारतो, हे तुम्हीच सुचवलं होतं ना? चालू असलेलं काम पुन्हा करायला पैसे का द्यायचे? लीडपाशी उत्तर असतं, पण ते तांत्रिक असतं, आणि प्रश्न तांत्रिक नसतो. त्या बैठकीत त्याची पत खर्ची पडते. पुढच्या वेळी तो काही सुचवताना कचरतो. कुठलीही नवी शिफारस आली की 'वर्षभर थांबू, काय होतं ते बघू' म्हणतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मग नवी शिफारस खरोखर चांगली असली तरी तिला माणसं मिळत नाहीत.

हे लक्षात घेतलं की अविश्वासाचं मूळ दिसू लागतं. फ्रेमवर्कचा कर्ता सल्ला देतो तेव्हा तो एकट्या वाचणाऱ्याला देत नाही. त्या वाचणाऱ्याचा शब्द तो पुढच्या दहा जणांपाशी गहाण टाकत असतो. म्हणून सल्ला बदलण्याचा हक्क त्याला असला, तरी तो मागे घेताना काही देणं लागतं. ते देणं चुकवलं गेलं का, यावरून भरवसा टिकतो किंवा जातो.

या देण्याचा सर्वांत कडू धडा अँग्युलरला मिळाला. गूगलच्या या फ्रेमवर्कची पहिली पिढी, अँग्युलरजेएस, 2012 साली 1.0 झाली आणि मोठमोठ्या कंपन्यांनी ती उचलली. 2014 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या परिषदेत चमूनं दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा मांडला. पडद्यावर थडग्यांची चित्रं होती, आणि थडग्यांवर कंट्रोलर, स्कोप अशी नावं, म्हणजे डेव्हलपर रोज वापरत होते त्या गोष्टी. जुन्या कोडचं पुढे काय, याचं स्पष्ट उत्तर तेव्हा तयार नव्हतं. लोक संतापले आणि पुष्कळ जण त्या सुमारास रिअ‍ॅक्टकडे वळले. अँग्युलर 2 प्रत्यक्षात आलं 2016 च्या सप्टेंबरात. म्हणजे जुनं मरणार हे ठाऊक आणि नवं अजून जन्मलेलं नाही, अशी दोन वर्षं गेली. नंतर जुनं आणि नवं एकाच अ‍ॅपमध्ये शेजारी चालवण्याची सोय झाली, आणि जुन्याचा आधार 31 डिसेंबर 2021 पर्यंत चालू ठेवला गेला. पण पॅरिसमधली ती थडगी लोक अजून विसरलेले नाहीत.

त्यानंतर अँग्युलरच्या चमूनं जे केलं त्याची वाहवा व्हावी तेवढी झालेली नाही. दर सहा महिन्यांनी मोठी आवृत्ती आणि प्रत्येक आवृत्तीला अठरा महिन्यांचा आधार, असं वेळापत्रक त्यांनी बांधून घेतलं. 2018 पासून 'एनजी अपडेट' ही आज्ञा दिली, जी आवृत्ती वाढवताना आपला कोडही शक्य तिथे बदलून देते. शिफारशी तिथेही बदलल्या. कंपोनंट एकत्र बांधणाऱ्या मॉड्यूलची कल्पना 2016 साली, दुसरी आवृत्ती बाहेर पडण्याच्या अगदी शेवटच्या घटकेला घातली गेली, आणि 2022 पासून मॉड्यूलविना स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र, कंपोनंट लिहा असं सांगणं सुरू झालं. माहिती बदलली की पान बदलवणारे सिग्नल्स आले, टेम्प्लेटमध्ये अट लिहिण्याची पद्धत बदलली. गोंधळ झाला, मी तो नाकारत नाही. मात्र बदलाबरोबर जुना कोड नव्यात नेणारी आज्ञाही बहुतेक वेळा मिळत गेली.

योगायोगानं 2024 च्या शेवटी दोन फ्रेमवर्कनी महिन्याभराच्या अंतरानं आपापला एक डिफॉल्ट उलटा केला. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच लिहिलं नाही तर काय गृहीत धरायचं ते. या दोन बदलांची तुलना केली की मला काय म्हणायचं आहे ते उघड होतं.

पहिलं नेक्स्ट. हा रिअ‍ॅक्टवर उभा असलेला फ्रेमवर्क, आणि तो बनवणारी कंपनी व्हर्सेल. जावास्क्रिप्टमध्ये 'फेच' म्हणजे सर्व्हरकडून माहिती आणणं. ब्राउझरमध्ये वर्षानुवर्षं लोक ते लिहीत आले. नेक्स्टच्या 13 आणि 14 या आवृत्त्यांत, नव्या अ‍ॅप राउटरमध्ये, म्हणजे पानांची वाट ठरवणाऱ्या भागात, सर्व्हरवर साधं फेच लिहिलं तर आलेलं उत्तर डिफॉल्टनं साठवून ठेवलं जाई आणि पुढच्या वेळी तेच वापरलं जाई. समजा, लासलगावच्या कांद्याचा आजचा भाव दाखवणारं पान तुम्ही केलं. ओळ बरोबर, भाव मात्र शिळा. अशी साठवण, म्हणजे कॅश, नको असं वेगळं लिहावं लागे, आणि त्यालाही पोटनियम होते: त्याच पानात कुकी आधी वाचली असेल तर वागणं निराळं. तक्रारी वाढल्या. 2024 च्या ऑक्टोबरात 15 व्या आवृत्तीत हा डिफॉल्ट उलटवला गेला, साधं फेच आता साठवत नाही. निर्णय योग्य होता आणि लोकांचं ऐकून घेतला होता, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण फायलीत काय बदललं? काहीच नाही. तीच ओळ, तीच अक्षरं, अर्थ उलटा. जुनं वर्तन हवं असेल तर तुम्ही ते शोधून स्वतः लिहायचं. शिवाय पान आधीच बनवून ठेवलं जातं की मागणी आल्यावर बनतं, हा वेगळा नियम, त्यामुळे परिणाम प्रत्येक पानावर सारखा नाही. वर्षभरानं, 16 व्या आवृत्तीत, साठवायचं असेल तिथे 'यूज कॅश' असं स्वतः लिहा, ही आणखी वेगळी पद्धत पुढे आली.

दुसरं अँग्युलर. 2024 च्या नोव्हेंबरात 19 व्या आवृत्तीत ठरलं, की इथून पुढे कंपोनंट स्टँडअलोन आहे असंच गृहीत धरायचं. म्हणजे ज्या जुन्या कंपोनंटांवर कसलीच खूण नव्हती, त्यांचाही अर्थ उलटणार होता. पण एनजी अपडेट चालवलं की ती आज्ञा मॉड्यूलमधल्या प्रत्येक जुन्या कंपोनंटात 'स्टँडअलोन: फॉल्स' अशी ओळ घालून देत होती, आणि जिथे 'ट्रू' लिहिलेलं होतं तिथून ती ओळ काढून टाकत होती, कारण आता तिची गरज उरली नव्हती. कोड तपासणाऱ्याला डिफमध्ये, म्हणजे फायलीतले बदल दाखवणाऱ्या पडद्यावर, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. जुनं अ‍ॅप कालच्यासारखंच चालतं आणि कुठला भाग जुन्या पद्धतीचा आहे ते त्या फायलीतच लिहिलेलं असतं.

दोन्ही ठिकाणी बदल योग्य होता. एका ठिकाणी आधी लिहिलेल्या कोडचा अर्थ जपला गेला, दुसऱ्या ठिकाणी तो जपण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकली गेली. आता त्या लीडला तुम्ही विचारा, कोणत्या चमूच्या पुढच्या शिफारशीवर तो लवकर विश्वास ठेवेल?

एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. 2023 साली रिअ‍ॅक्टचं डॉक्युमेंटेशन नवीन अ‍ॅपसाठी फ्रेमवर्क घ्या म्हणू लागलं आणि यादीत पहिलं नाव होतं नेक्स्टचं. रिअ‍ॅक्टच्या मूळ चमूतले काही जण त्याआधी व्हर्सेलमध्ये गेले होते, आणि व्हर्सेलचा धंदा अ‍ॅप होस्ट करण्याचा. त्यात भर अशी, की 2023 च्या मेमध्ये नेक्स्टनं अ‍ॅप राउटर स्थिर झाल्याचं सांगितलं, पण त्याच्या पोटात रिअ‍ॅक्टची कॅनरी, म्हणजे प्रकाशनाआधीची, आवृत्ती होती. रिअ‍ॅक्ट 19 स्थिर व्हायला 2024 चा डिसेंबर उजाडला. लोकांच्या मनात पाल चुकचुकली, की हा सल्ला आपल्या भल्याचा की होस्टिंग विकणाऱ्याच्या? मला स्वतःला सल्ला विकला गेला असं वाटत नाही. सर्व्हर कंपोनंट, म्हणजे सर्व्हरवरच तयार होणारे कंपोनंट, चालवायला राउटर, बंडलर आणि सर्व्हर यांची घट्ट जुळणी लागते आणि ती एकट्या लायब्ररीला जमत नाही, हे खरंच आहे. पण सल्ला देणारा आणि विकणारा एका टेबलाशी बसले असतील, तर कारणं दुप्पट स्पष्ट सांगावी लागतात. इथे ती उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आली. 2025 च्या ऑक्टोबरात रिअ‍ॅक्ट लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवण्याची घोषणा झाली, त्यात मेटा, म्हणजे पूर्वीची फेसबुक, आणि व्हर्सेलबरोबर अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टही आहेत. मी याचं मनापासून स्वागत करतो.

चांगलं उदाहरणही रिअ‍ॅक्टकडेच आहे. 2024 च्या जूनमध्ये, रिअ‍ॅक्ट 19 दाराशी असताना, माहिती येईपर्यंत पानाचा भाग थांबवून ठेवणाऱ्या सस्पेन्स या सोयीच्या वागण्यातला एक बदल लोकांच्या लक्षात आला. शेजारशेजारचे दोन कंपोनंट जी माहिती एकाच वेळी मागवत, ती आता एकामागून एक येणार होती आणि कित्येक अ‍ॅप्स मंदावणार होती. टॅनस्टॅक क्वेरी या लायब्ररीच्या देखभालकर्त्यानं हे उदाहरणासह दाखवलं. चमूनं ऐकलं, प्रकाशन थांबवलं, तोडगा काढला आणि मगच स्थिर आवृत्ती दिली. त्या काही महिन्यांच्या थांबण्यानं जे कमावलं, ते कुठल्याही घोषणेनं कमावता आलं नसतं.

कर्त्यांची बाजूही मला तितकीच खरी वाटते. 2013 चा वेब आज राहिलेला नाही. नुसतं स्थैर्य जपूनही भागत नाही: एम्बर या फ्रेमवर्कनं 2015 साली दुसरी मोठी आवृत्ती काढली, तिच्यात नवं असं काही घातलंच नाही, आधी इशारे दिलेल्या जुन्या गोष्टी तेवढ्या काढल्या. इतकी शिस्त पाळूनही एम्बर लोकप्रियतेत मागे पडला. लोक नव्याकडे धावतात आणि मग नवं जुनं झालं म्हणून रागावतात, हे आपलंही वागणं आहे. फुकट मिळणाऱ्या साधनाच्या कर्त्यांवर तोंडसुख घेणारी भाषा मी वाचतो तेव्हा मला लाज वाटते.

तरी त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. शिफारस बदलली की ती बदलल्याचं त्याच पानावर, तारखेसह लिहा. आधीची शिफारस काय होती, ती का सोडली, आणि त्या शिफारशीवर ज्यानं अ‍ॅप उभं केलं आहे त्यानं आज काय करावं, काही न करता बसला तर किती काळ निभेल, हे तिथेच सांगा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचंच उत्तर सहसा गाळलं जातं. क्लायंटसमोर बसलेल्या लीडला नेमकं तेवढंच हवं असतं.

आपल्याकडच्या लोकांशी मी जास्त कडक बोलणार आहे, कारण ते आपले आहेत. क्लास चालवणाऱ्यांनी दोन वर्षं जुना अभ्यासक्रम नवा म्हणून विकू नये. मुलाखत घेणाऱ्यांनो, क्लास कंपोनंट लिहिणाऱ्या उमेदवाराला हसून बाहेर काढू नका. ज्यानं क्लास लिहून प्रॉडक्शनमधला बग रात्री दोन वाजता शोधला आहे, तो हुक्स महिन्याभरात शिकेल. शिफारशींवर चर्चा चालते ते प्रस्ताव सगळ्यांसाठी खुले असतात, कुणीही त्यांवर मत देऊ शकतं. पुण्यात बसून जे जुनी अ‍ॅप्स सांभाळतात, त्यांना बदलाचा खर्च जितका ठाऊक आहे तितका क्वचितच कुणाला असेल. तरी त्या चर्चांत आपली माणसं मला कमी दिसतात. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. उदाहरण चोख असावं लागतं.

व्याख्यान संपल्यावर मुलं मला गाठून हमखास विचारतात, की मग आज नवीन कामाला काय घ्यावं. त्याचं उत्तर इथेच देतो. लॉगिनच्या मागे असणारं, कार्यालयातल्या लोकांनी वापरायचं अ‍ॅप असेल तर व्हाइट आणि रिअ‍ॅक्ट पुरे आहे. ते स्वतः कसं उभारायचं याचं पान आता रिअ‍ॅक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे. सर्च इंजिनात दिसायला हवं, पान झटकन उघडायला हवं, असं काम असेल तर नेक्स्टचा विचार जरूर करा, पण कॅशचे नियम टीममधल्या निदान दोघांना तोंडपाठ हवेत. मोठी टीम आहे, माणसं बदलत राहणार आहेत आणि दहा वर्षं चालवायचं आहे, तर मी अँग्युलर घेईन आणि दर सहा महिन्यांच्या अपडेटचे दिवस पहिल्याच एस्टिमेटमध्ये धरीन. आणि यांपैकी काहीही घेतलंत तरी प्रोजेक्टच्या रीडमी फायलीत चार ओळी लिहा: कोणती आवृत्ती घेतली, कुठल्या तारखेला, डॉक्युमेंटेशनच्या कोणत्या पानावरून, आणि दुसरा कोणता पर्याय का सोडला. पाच वर्षांनी त्या खोलीत तुमच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असेल, आणि क्लायंटचा प्रश्न त्याला येईल.